कपाळामागचा ब्रेक

४ जानेवारी, सकाळ
आजपासून सिगारेट बंद. कायमची. त्यासाठीच ही रोजनिशी. लिहून ठेवलं की माणूस बांधला जातो.

हिला दम लागतो म्हणून लेकीने पावसाळ्यात तिला आपल्याकडे नेलं. धुराच्या घरात राहिली तर हिची फुप्फुसं टिकणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही सोडा, मग आईला आणून पोचवते. हिने जाताना शिवणयंत्र इथेच ठेवलं. म्हणाली, येणारच आहे, उगाच ओझं कशाला न्यायचं.

५ जानेवारी
डॉक्टरांनी मेंदूचं चित्र दाखवलं. हवं हवं म्हणणारा भाग आत खोल, थांब म्हणणारा कपाळामागे. वर्षानुवर्षं ओढली की पहिला माजतो आणि दुसऱ्याचा जोर कमी पडतो. मी म्हटलं, म्हणजे ॲक्सिलरेटर अडकलाय आणि ब्रेक झिजलाय. ते हसले. म्हणाले, आजोबा, बरोबर, पण हे काम एकट्याने होत नाही. गोळ्या देतो, दर आठवड्याला येत जा.

गोळ्या घेतल्या नाहीत. शाळा सातवीत सुटली असेल माझी, पण उभा जन्म बस डेपोत ब्रेक बसवण्यात गेला. माझ्या डोक्याचा ब्रेक मला जमणार नाही?

९ जानेवारी
कपाळावर ओलं फडकं बांधून बसतो. ब्रेक गार राहिला पाहिजे. दूधवाला विचारत होता, ताप आहे का.

गॅस बंद आहे ना, पुन्हा पुन्हा उठून पाहिलं. हिला काही झालं तर मला कळेल का? लेकीला फोन केला. म्हणाली, बाबा, मघाशीच केलात ना.

पिठाच्या डब्यात जुनं पाकीट सापडलं. हिनेच लपवलेलं. लग्न झाल्यापासून लपवत आली आहे. असती तर मागून ओरडली असती, अहो, हात बाहेर काढा आधी.
कोणी ओरडलं नाही. पाकीट परत डब्यात ठेवलं.

१२ जानेवारी, दुपार
महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरला तर लायनर जळतात. नवे ड्रायव्हर हमखास ही चूक करतात. मीही तेच करत होतो! मधे मधे पाय उचलायला हवा. म्हणून डब्यातली एक ओढली. ही सिगारेट हिशेबात धरायची नाही. ब्रेकला विश्रांती.

संध्याकाळ
आणखी विश्रांती.

२० जानेवारी
जिन्यात ओढतो, घरात नाही. हा मोठा फरक आहे.

हिचा फोन. अहो, सोडली ना? मी म्हटलं, जवळजवळ. ती म्हणाली, जवळजवळ म्हणजे काय हो? जवळजवळ लग्न झालं असं असतं का कधी? स्वतःच हसली, आणि हसता हसता खोकला लागला. तो थांबायची वाट बघत मी फोन धरून उभा होतो. थांबला नाही. मग लेकीने फोन ठेवला.
फार वाईट वाटलं. जिन्यात जाऊन आलो.

२ फेब्रुवारी
लेकीला फोन करून सांगून टाकलं, सोडली. खोटं नव्हे, थोडं आगाऊ सांगितलं इतकंच. ही आली की आपोआप सुटेल.

पडदे धुतले. भिंतींना रंग दिला. हिची उशी उन्हात ठेवली. खालच्या दुकानदाराला बजावलं, मी मागितली तरी द्यायची नाही. तो म्हणाला, काका, सकाळीही हेच म्हणालात आणि पाकीट घेऊन गेलात. उद्धट माणूस.

९ फेब्रुवारी, दुपार
ही आली! जिन्यात दोनदा बसावं लागलं तिला. भिंती बघून म्हणाली, अगंबाई, तुम्ही दिलात हा रंग? शिवणयंत्रावरून हात फिरवला. मी चहा केला. साखर विसरलो, तरी सगळा प्यायली.

माझी छाती धडधडायला लागली. आनंदानेच असणार. कचरा टाकून येतो म्हणून खाली गेलो.

संध्याकाळ
वर आलो तेव्हा ही खिडकीशी होती. माझ्याकडे नुसतं पाहिलं. जवळ गेलो तसा खोकला सुरू झाला. लेक धावत आली. म्हणाली, बाबा, कचऱ्याची पिशवी दारामागेच आहे.
आईला परत न्यायला रिक्षात बसवून आली आणि जिन्यात रडली. खोटं बोललात त्याचं काही नाही हो, म्हणाली, पण तुमचा फोन आला त्या दिवसापासून आई रोज कपड्यांची पिशवी भरून बसत होती.

२४ फेब्रुवारी
आता गोळ्याच घ्यायच्या. डॉक्टरांकडे आज जाणार होतो. गुडघा दुखतोय. उद्या नक्की.

१ मार्च
ही आली होती. दारातच उभी राहिली. जावयाने शिवणयंत्र उचललं. मी म्हटलं, राहू दे की, उगाच ओझं. ती म्हणाली, नातीचे फ्रॉक शिवायचेत.
मग पिशवीतून सिगारेटचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. मी ओढतो तेच. येताना स्वतः दुकानात उभं राहून घेतलेलं. म्हणाली, अहो, गुडघा दुखतो तुमचा, सारखे जिने उतरू नका. घरातच ओढत जा आता.
रागावून म्हणाली असती तरी चाललं असतं. माया करून म्हणाली.

२ मार्च
पाकीट कपाटात वरच्या फळीवर ठेवलं आहे. फोडणार नाही. तिच्या हातचं आहे.
खाली जाऊन दुसरं आणलं.