मोजून दिलेलं पाणी

प्रिय आत्याबाई,

उद्या अक्षय तृतीया. तुम्ही गेल्यानंतरची पहिलीच, म्हणून तुमच्या नावाने पाण्याची घागर भरायची आहे. आज मामांनी ओसरीवरूनच सांगितलं, "घागर काठोकाठ भर. आता तरी तिला मोजून पाणी देऊ नको." सासऱ्यांच्या तोंडाला कोण लागणार? मी घागर घासायला घेतली. पण या घरात माझं ऐकून घेणारं माणूस तुम्हीच होतात, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

तुमचं हृदय कमजोर झालं, अंगात पाणी साठायला लागलं आणि डॉक्टरांनी दिवसभराचं पाणी बांधून दिलं. घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू नर्स हायस, तूच बघ," असं म्हणून तुमचा लेक मोकळा झाला! सेनगावात दवाखान्यात मी पेशंटना हेच सांगते. रोज सकाळी वजन करा, मीठ कमी खा, बरं वाटलं म्हणून बीपीची गोळी बंद करू नका. ते मान डोलावतात आणि आपापल्या घरी जातात. तुम्ही कुठे जाणार होतात? आणि मी तरी कुठे?

आठवतं, रोज सकाळी तुम्हाला सोयाबीनच्या पोत्यांच्या काट्यावर उभं करायची? "मला बी इकून राहिलीस का काय?" म्हणून हसायचात. मग मी सूज बघायला घोट्यावर अंगठा दाबायची. तिथे खड्डा पडून तसाच राहिला की तुमचं हसू मावळायचं. आता सुनेची नजर आणखी कडक होणार, हे तुम्हाला ठाऊक असायचं.

तुम्ही तरी काय कमी लबाड होतात! चूळ भरायला म्हणून तांब्या न्यायचात आणि चूळ काही बाहेर यायची नाही. टरबूज खाताना पकडलं तर म्हणालात, "ते कुठं पाणी हाय? ते तर फळ हाय!" मी ओरडले, आणि आत जाऊन पदर तोंडाला लावून हसले.

शेजारच्या द्रुपदाबाईंचं वागणं मात्र हसण्यावारी नेता येत नव्हतं. आजाऱ्याला भेटायला गेलं की पाणी पाजावं, त्याचं पुण्य लागतं, ही आपल्याकडची रीत. त्या पदराआड लोटा घेऊन यायच्या. मी अडवलं तर म्हणायच्या, "काहून गं, पाण्याला बी न्हाई म्हणून राहिली? पाणी काय इख हाय?" तुमच्यासाठी विषच होतं ते! त्या पुण्य घेऊन घरी जायच्या. मग तुमचा श्वास कोंडायचा आणि पाठीशी गोधड्या रचून तुम्हाला बसतं करायला मी एकटी.

कितीदा वाटलं, उठावं आणि माहेरी शिरड शहापूरला निघून जावं. पण मी गेले असते, तर तुम्हाला पाणी पाजायला सगळी गल्ली धावली असती.

तुम्ही गेलात तेव्हा एकेकाने तुळशीच्या पानावरून तुमच्या तोंडात पाणी सोडलं. मामांनी, तुमच्या लेकानं, द्रुपदाबाईंनी. गालावरून ओघळून उशी भिजली. माझी पाळी आली आणि मी थेंबभरच सोडलं. हात पुढे होईचना हो! सगळ्यांनी ते पाहिलं. तेव्हापासून गावात मी तहानेनं मारणारी सून झाले.

माझं चुकलं नव्हतं, आत्याबाई. हे मी मान वर करून सांगते. पण एकदा, फक्त एकदा, गार पाण्याचा भरला तांब्या स्वतःच्या हाताने तुमच्या तोंडाला लावायला मिळायला हवा होता. याचं दुःख रोज होतं.

आता मामांच्या पायांवर सूज आहे. तोच आजार, आणि डॉक्टरांनी त्यांनाही पाणी बांधून दिलं आहे. काल माझ्या हातातला तांब्या त्यांनी ढकलून दिला. "तिला मारलंस, आता मला बी मारून राहिली?" तुमच्या लेकाकडे पाहिलं, तर पुन्हा तेच, "तू नर्स हायस." कुठून बाहेर पडू, सांगा ना? तोच रांजण, तोच तांब्या, तीच मी. पाणी द्यावं तर मामांना दम लागणार, न द्यावं तर मी कसाई. आणि उद्या तुमच्या जागी सवाष्ण म्हणून जेवायला कोण बसणार आहे, माहीत आहे? द्रुपदाबाई!

बसू देत. मी वाढीन त्यांना.

पण तुम्हाला शब्द देते. मामांचं पाणी मी मोजूनच देणार. त्यांनी शिव्या घालाव्यात, गावाने नावं ठेवावीत, मी तांब्या हातातून सोडणार नाही. आणि तुमची घागर मात्र उद्या काठोकाठ भरीन. आत वाळा घालीन. पाणी सांडून ओट्यावर ओघळ गेले तरी हात आखडणार नाही.

पोटभर प्या, आत्याबाई. आता तुमच्या घोट्यावर अंगठा दाबायला मी येणार नाही.

तुमचीच सून,
सुनंदा