हिरवी खूण

२ मार्च, सकाळ

प्रिय भावोजी,

आशीर्वाद द्यायचं वय झालं माझं, असं तुम्हीच म्हणायचात. तेव्हा घ्या, आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. गिझर बिघडलाय. शेजाऱ्यांनी पुन्हा भिंत रंगवली, या खेपेला खोकल्याच्या गोळीसारखी गुलाबी. माझं साप्ताहिकातलं सदर अजून चालू आहे, कारण ते बंद करतो असं मला सांगायला संपादकांना कुणी मिळत नाही. तुम्ही बरे असाल असं धरून चालते. धरूनच चालावं लागतं. फोन उचलायचं काम तुम्ही वर्षभर फोनवरच सोडलं आहे. म्हणून हे पत्र. पत्र वाजत नाही, त्यामुळे त्याला बंद करता येत नाही.

कारण तुमची पुतणी. छोटी एकवीस वर्षांची झाली तरी छोटीच आहे, फक्त आवाज मोठा झालाय. गेल्या आठवड्यात नाश्त्याला बसली आणि म्हणाली, "महिनाअखेर सीझन उघडतोय. मी तलावावर जाणार. बास मासे धरायला. बाबांच्या बोटीतून."

मी म्हटलं, "नाही."

"आई, मी विचारत नाहीये. सांगतेय."

"ही बोलायची कुठली पद्धत?"

"तुझी," ती म्हणाली आणि पावाला लोणी लावत बसली.

दोन दिवस अबोला झाला. मग तह. कलम एक: जायचं. कलम दोन: सामान मी निवडणार. मी! जिला रॉड म्हटलं की पडद्याचा दांडा आठवतो. कलम तीन शेवटी सांगते.

तर तुम्ही दोघं भाऊ ज्यांना गळवाले म्हणायचात त्यांच्या दुकानात आम्ही मायलेकी गेलो. तुमच्या दादाबरोबर मी तिथं कधी आत गेले नव्हते, बाहेर गाडीत बसून शाप द्यायचे. आत गेल्यावर कळलं, हा माणूस तासतासभर का बाहेर येत नसे. अख्खी भिंत ल्यूरनी भरलेली. खोट्या मासोळ्या, खोटी गांडुळं, खोटे बेडूक, एक खोटा उंदीरसुद्धा, शेपटीसकट. सगळ्यांवर दिव्यांचा झोत. माझ्या लग्नात माझ्यावर एवढा उजेड नव्हता.

"पाणी कसं आहे वहिनी?" गळवाल्यांनी विचारलं.

"ओलं."

"तसं नव्हे हो. निवळ की गढूळ?"

मग त्यांनी धडा घेतला. पाणी निवळ असेल तर ल्यूर साधा, रुपेरी, खऱ्या मासोळीसारखा. गढूळ असेल तर भडक, म्हणजे माशाला दिसेल तरी. पाणवनस्पती दाट असतील तिथं रबरी बेडूक, त्याचे गळ पोटाशी दडवलेले, त्यामुळे तो अडकत नाही. खोल पाण्यात पुढे ओठ असलेला, ओढला की बुडी मारणारा. मासा सुस्त असेल तर रबरी गांडूळ, हळूहळू. मी म्हटलं, एवढा विचार मी नवरा निवडताना केला नव्हता. ते हसायला गेले आणि मध्येच थांबले. लोक हल्ली माझ्या विनोदांवर अर्धंच हसतात, भावोजी. उरलेलं अर्धं खाली बघून गिळतात. विनोदी लेखिकेचे याहून वाईट हाल काय व्हायचे.

रॉड छोटीनं स्वतः पारखला. साडेसहा फुटी, मध्यम ताकदीचा, टोकाशी चटकन वाकणारा. गळवाले म्हणाले, "टोक बोलतं आणि मूठ ऐकते, असा हवा." आमच्या घरासारखाच की. मी टोक. मूठ तुम्हाला ठाऊक आहे.

छोटीनं रॉड हातात घेऊन मनगट फिरवलं, तसं, तुमचा दादा फिरवायचा तसं, आणि मी घाईघाईनं एक पक्कड उचलून तिचं फार कौतुक केलं. माशाच्या तोंडातून गळ काढायची लांब नाकाची पक्कड. ती घेतली. उडालेला गळ डोळ्यात जाऊ नये म्हणून चष्मा घेतला. टोपी घेतली. माझं काय, तिला चिलखतच चढवायचं होतं, पण ते स्टॉकमध्ये नव्हतं.

एक गोष्ट पाहून ठेवलीय, कधीतरी सदरात लिहीन. मासे मारायच्या वस्तू दुकानात पुढे, दिव्यांखाली. जीव वाचवायच्या वस्तू मागे, कोपऱ्यात, झाडूशेजारी. बुडू न देणाऱ्या जाकिटांवर धूळ होती. दोन जातींची. एक तुमच्याकडे आहे तसं, फोमचं, गादी पांघरल्यासारखं. आणि दुसरं पट्ट्यांचं, सडपातळ, पाण्यात पडलं की आपोआप फुगणारं, न फुगलं तर दोरी ओढून फुगवायचं.

मी म्हटलं, "गादीवालं द्या."

"वहिनी, त्यात फेक करताना हात अडतो. पट्ट्याचं जाकीट वाईट नसतं, फक्त त्याचं..."

"त्याचं नाव माझ्यासमोर काढू नका."

त्यांनी हात मागे घेतला. गेल्या वर्षी खांदा द्यायला तेही होते. पण छोटी गप्प बसेल तर ती माझी कसली? "काका, हे फुगतं कसं?" तिनं विचारलं. त्यांनी माझ्याकडे चोरून पाहिलं आणि जाकिटाची घडी उलगडली. आत अंगठ्याएवढा स्टीलचा सिलिंडर. त्याच्या शेजारी एक इवलीशी खिडकी, तिच्यात हिरवी खूण.

"हिरवी म्हणजे सिलिंडर भरलेला. एकदा फुगलं की ही लाल होते. मग सिलिंडर नवा बसवायचा, नाहीतर हे जाकीट म्हणजे नुसता कापडी पट्टा."

"एकदा फुगलं की संपला?" छोटीनं विचारलं.

"संपला. एकदाच चालतो तो."

छोटीनं माझ्याकडे पाहिलं. मी झाडूकडे पाहिलं.

थांबते. भांडी घासायची आहेत.

दुपार

भांडी घासून झाली. ओटा पुसला. गिझरवाल्याशी भांडले. आता काढायला काम उरलं नाही, तेव्हा लिहिते.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची नाही, असं तुमच्या दादानं आम्हा दोघींकडून वदवून घेतलं होतं. चांगलं डोक्यावर हात ठेवून. ती शपथ मी आता मोडते आहे. त्याला काय बोलायचं असेल ते त्यानं येऊन बोलावं.

अपघाताच्या आधीच्या सीझनच्या शेवटी तुम्ही कामासाठी गावाला गेला होतात, तेव्हाची गोष्ट. तुमचा दादा अंगणात बोट धूत होता. नव्या जाकिटाची ऐट एवढी की घरीसुद्धा अंगात. "धाकट्यानं वाढदिवसाला दिलंय," असं पोस्टमनलाही सांगून झालं होतं. छोटीच्या हातून पाण्याची नळी सुटली, वेडीवाकडी उडाली आणि त्याला नखशिखांत भिजवून गेली. फुस्स! एका क्षणात गळ्याशी दोन पिवळे भोपळे. मान हलेना, चष्मा कपाळावर, आणि शेजारीण भिंतीवरून म्हणतेय, "बरं नाही का वाटत त्यांना?" छोटी चिखलात बसून हसली. मी ओट्याला धरून हसले. तो स्वतःच एवढा हसला की आम्हीच घाबरलो.

मग म्हणाला, "हे धाकट्याला कळता कामा नये. जन्मभर मला भोपळ्या म्हणेल." आम्ही शपथ घेतली. त्यानं जाकिटातली हवा दाबून काढली, नीट घडी घातली, खुंटीला लावलं. आम्हाला वाटलं, झालं. छत्री मिटतात तसं मिटलं. सिलिंडर एकदाच चालतो हे आम्हा दोघींना कुठून ठाऊक असणार? त्याला ठाऊक होतं. "दुकानात गेलो की नवा आणतो," असं काहीसं बोलल्याचं छोटीला आठवतंय. आणि दुकानात तो गेला, भावोजी. किती वेळा गेला! दर वेळी दिव्यांखालच्या भिंतीपाशी थबकला आणि दर वेळी नवा ल्यूर घेऊन आला. मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचलाच नाही.

दुकानातून आल्यावर मी ती पिशवी काढली. पोलिसांनी परत केलेली, माळ्यावर टाकलेली. वर्षभर गाठ सोडली नव्हती. छोटी शेजारी उभी होती. घडी उलगडली. पट्टा कडक झाला होता, त्याला तलावाचा वास होता. खिडकी होती.

लाल.

ती त्या दिवशी लाल झाली नव्हती. अंगणातच झाली होती, आम्ही हसत असताना.

दवाखान्याच्या दाराशी तुम्ही मला म्हणालात, "वहिनी, जाकीट मी दिलं होतं." तेवढं एकच वाक्य. मग दिवस कसेबसे पार पाडलेत आणि निघून गेलात, ते आजतागायत. छोटीला मात्र सगळं सांगून गेला होतात. ल्यूर बुडालेल्या फांदीत अडकला, दादा सोडवायला उभा राहिला, बोट कलंडली. पाणी थंड, पायात जड बूट. तुम्ही ओरडलात, "दोरी ओढ!" त्यानं ओढली, तुम्ही पाहिलंत. काही झालं नाही. तुम्ही उडी मारलीत, तर तुमच्या अंगातली ती गादी तुम्हाला खाली जाऊ देईना, आणि बंद काढेपर्यंत...

म्हणून तुम्हाला वाटतं, जाकीट खोटं निघालं. तुम्ही निवडलेलं.

खोटं नव्हतं, भावोजी. अंगणात एका नळीच्या पाण्यावर ते काय झोकात फुगलं होतं! तुमची निवड चोख होती. मी पाहिलंय.

मला एकच विचार सोडत नाही. त्यानं दोरी ओढली तेव्हा त्याला आठवलं असेल. ते भोपळे, छोटीचं हसणं, न आणलेला सिलिंडर, सगळं. आणि "अरे, राहिलंच की" असा तो चेहरा, दूध विसरून आल्यावर व्हायचा तो. तो चेहरा मी इथं बसून बघते. तुम्ही तो खराच पाहिलात. एवढं ओझं घेऊन तुम्ही एकटे बसलात. माझ्याकडे यायचं होतंत, निम्मं मी उचललं असतं.

वर्षभर मी त्या जाकिटाच्या कंपनीवर दात धरून होते. लेख तयार होता. एकेक वाक्य असं परजून ठेवलं होतं की वाचणाऱ्याच्या बोटाला कापावं. काल तो फाडला. आता रागवायला कुणी उरलं नाही. उरलाय तो तुमचा दादा, आणि त्याच्यावर चिडावं तर तो असा हसरा उभा राहतो, गळ्यात भोपळे घेऊन. शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईला त्याला देण्याजोगी एक शिवी सुचेना. काल तासभर माळ्याखाली बसून शोधली.

असो. आता व्यवहाराचं.

आज सकाळी मी पुन्हा गळवाल्यांकडे गेले आणि छोटीसाठी जाकीट घेतलं. तेच. तुम्ही दादाला दिलेलं, त्याच कंपनीचं, त्याच बनावटीचं. गळवाले दोनदा म्हणाले, "वहिनी, नक्की?" मी म्हटलं, आमच्या भावोजींची पारख आहे, दुसरं दाखवू नका.

निघताना त्यांनी गल्ल्याच्या खणातून एक पाकीट काढलं. "साहेबांनी पुढच्या सीझनला म्हणून धाकट्यांसाठी बाजूला ठेवायला सांगितलं होतं. द्यायचं कसं, म्हणून राहिलं." तुमचा तो प्रकार! सीझन उघडताना एकमेकांसाठी दुकानातला सगळ्यात कुरूप ल्यूर निवडायचा, आणि पहिली फेक त्यानंच करायची, तळ्यावरचे सगळे हसले तरी. यंदाचा बेडूक आहे. जांभळा, पोट नारिंगी, डोळे एक वर एक खाली. इतकी कुरूप वस्तू मी जन्मात पाहिली नाही. त्यानं किती मन लावून शोधला असेल! तो मी पाठवत नाही. तो इथं आहे, दिव्याशेजारी ठेवलाय. न्यायला या.

आणि तहाचं कलम तीन. छोटीच्या जाकिटाचा सिलिंडर वेगळ्या डबीत आहे. बसवायचा कसा ते गळवाल्यांनी दाखवलंय, मला येतं, तिलाही येतं. आम्ही बसवलेला नाही. तो तुम्ही बसवायचा. तोवर तिच्या खिडकीत लाल खूण राहील, आणि लाल असेतो ती बोटीत पाय ठेवणार नाही. हे तिला मान्य आहे. मान्य कसलं, तिनंच सुचवलंय. म्हणाली, "काकाच्या हातचंच घालीन."

सीझन महिनाअखेर उघडतो. बोट अंगणात आहे, गेल्या वर्षीच्याच चिखलासकट. धुवायचा धीर आम्हाला झाला नाही. नळी तुम्ही धरा. आणि आमच्या अंगणातली ती गोष्ट वाचताना हसू आलं असेल तर अर्धं गिळू नका. ती खरंच फार हसण्यासारखी होती.

मी कुणाची तरी बायको होते म्हणून तुमची वहिनी झाले. पहिलं गेलं. दुसरं तेवढं राहू द्या.

तुमची
वहिनी