गल्लीचा कॉलमन

रामदासपेठ, नागपूर
ता. १९ नोव्हेंबर १९७०

ती. सौ. इंदुताईंस,
शामलाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि संत्र्यांची पेटी दोन्ही मिळाली. संत्री गोड निघाली, पत्र मात्र आंबट होतं. मी मामाजींची खरी हकीकत लपवते असं तुम्ही लिहिलं. लपवतच होते, ताई. वडिलांच्या काळजीने तुम्ही तिकडे काटोलला बसून रडाल म्हणून. आता लिहिते.

सासूबाई गेल्यापासून मामाजी दहा वाजेपर्यंत उठत नाहीत, आणि उठले तरी खाट सोडत नाहीत. दाढीचे खुंट वाढलेले. चहा नेऊन ठेवते, त्यावर साय धरते, मी तो तसाच परत आणते. डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही, पण माणूस असा पडून राहिला तर पुढचा उन्हाळा कठीण आहे. तुमचे भाऊ एकदा त्यांच्यावर ओरडले आणि मग स्वतःच मोरीत जाऊन रडले. परवा मी म्हटलं, मामाजी, उठा ना, अंगणात ऊन आलं. तर म्हणाले, उठून करू काय बेटा, माझी कोण वाट पाहून राहिलं?

बाकी ठीक. शेजारच्या खोलीत कौशल्या नावाची नवी भाडेकरीण आली आहे. भंडाऱ्याकडची, इथल्या एका दवाखान्यात नुकतीच नर्स म्हणून लागली. एकटी राहते, पण मोठी गुणी पोर आहे. तिच्याशी दोन शब्द बोलले की बरं वाटतं.

काय करावं ते सुचवा. लोभ आहेच, तो थंडीत आखडू देऊ नका.

तुमची,
शामला


काटोल
ता. २४ नोव्हेंबर १९७०

चि. सौ. शामलास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता चुलीवरची भाजी करपली. काहून लपवलं वं आजवर? मी काय परकी आहे?

एक सांगते तुले. बाबा आपलेआप उठणारे कधी नव्हतेच. मालगाडीचे गार्ड, ड्यूटीचा काही नेम नाही. वेळ झाली की स्टेशनाचा कॉलमन कंदील घेऊन दारात उभा राही अन् ओरडे, गार्डसाब, कॉल है! वहीत बाबांची सही घेतल्याबिगर तो पठ्ठ्या हलत नसे. मग आई पांघरूण ओढे, चहा पाजे, हातात पेन देई, तेव्हा कुठं सही होई. रिटायर झाले अन् कॉलमन गेला, तरी आई होती. आता तीही नाही. मग त्यांले उठवणार कोण?

सध्या संत्र्याची तोड चालू आहे, माझा पाय निघत नाही. संक्रांत झाली की मी येते अन् बाबांले इकडं घेऊन येते. मळ्यात माणसांची ये-जा असते, जीव लागेल. तुझ्या नवऱ्याले, चंद्रभानले सांगून ठेव, मोडता घालू नको म्हणावं. तोवर तूच त्यांची लेक हो.

माया आहे ती आहेच, रागानं लिहिलं ते मनात ठेवू नको.

तुझी,
इंदुताई


रामदासपेठ, नागपूर
ता. १७ डिसेंबर १९७०

ती. सौ. इंदुताईंस,
शामलाचा शि. सा. न. वि. वि.

ताई, आधी बसून घ्या, मग वाचा. मामाजी पहाटे उठून राहिले!

झालं असं. कौशल्येला सकाळची ड्यूटी लागली. घरी गजराचं घड्याळ नाही, झोप गाढ, त्यामुळे पोरीला उशीर होऊ लागला. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरने बजावलं की आणखी एकदा उशीर झाला तर घरी जा. मामाजी रेल्वेत होते एवढं तिला माझ्याकडून कळलेलं. रेल्वेची माणसं कोंबड्याच्या आधी उठतात असं ती धरून चालली, आणि मला न विचारता थेट खाटेपाशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, आबाजी, तुमचा तर जन्मच पहाटे उठण्यात गेला, मले उठवान का? माझ्या हातातली पोळी तव्यावर जायची थांबली. आता हे काय बोलतात बाई! तर मामाजी उठून बसले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, उठवीन, गार्ड होतो मी.

इभ्रतीचा प्रश्न हो! जाग येणार नाही या धास्तीने पहिल्या रात्री ते झोपलेच नाहीत, मफलर गुंडाळून खुर्चीतच बसले. पहाटे काठीने तिची खिडकी वाजवली आणि हाक दिली, सिस्टर, कॉल है! खिडकीत दिवा लागेपर्यंत जागचे हलले नाहीत. पोरगी वेळेवर पोचली. मामाजी अंगणातच उभे राहिले. मी चहा दिला तेव्हा म्हणाले, इतकी वर्षं गार्डाच्या डब्यातून पहाट पाहिली, पण नजर सगळी सिग्नलवर, आभाळ कसं उजळतं ते आज पाहिलं. आणि मग आणखी एक कप मागितला. ताई, दुसरा कप!

आता रात्री लवकर निजतात आणि आपोआप उठतात. कौशल्येची ड्यूटी बदलली तेव्हा मला वाटलं, संपलं. पण तोवर गल्लीत बोभाटा झाला होता. नळ भल्या पहाटे येतो, बायांना पाणी भरायचं असतं. समोरच्या मास्तरीणबाईंना कामठीची पहिली बस गाठायची असते. मामाजी काठी घेऊन दारोदार फिरतात, येताना दूध आणतात, रोज दाढी करतात. जेवताना भाकरीबरोबर ठेचा मागून घेतात. या वयात माणूस जन्माची सवय मोडून नवी लावतो, मला तर बाई त्यांना रोज वाकून नमस्कार करावासा वाटतो.

तुमचा लोभ असाच राहो, आणि पुढचं पत्र गोड येवो.

तुमची,
शामला


काटोल
ता. २ जानेवारी १९७१

चि. सौ. शामलास,
अनेक आशीर्वाद.

वाचून हसू आलं अन् रडूही आलं. बाबा दुसऱ्यांले उठवून राहिले! आई असती तर पदर तोंडाले लावून हसली असती.

पण शामला, खरं सांगू, मले भरवसा वाटत नाही. नव्याचं सारंच गोड लागते. उद्या ते पोरगी खोली सोडून गेली, किंवा थंडीनं बाबा चार दिवस पडले, की पुन्हा खाट अन् पुन्हा तेच. मी त्यांच्यासाठी खोली सारवून ठेवली, खिडकीतून मळा दिसते. संक्रांत झाली की येते ते त्यांले न्यायलेच.

त्यांले ठेचा जास्त देऊ नको. जीव तिकडंच लागला आहे.

तुझी,
इंदुताई


रामदासपेठ, नागपूर
ता. २० जानेवारी १९७१

चि. सौ. इंदूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर जरा लावून घे. तू मले न्यायले येणार, खोली सारवली, सारं शामलानं वाचून दाखवलं. तुझी माया मले समजते, बेटा. पण माझं येणं होत नाही. काहून, ते सांगतो.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी मफलर न घेता फिरलो. शामलानं बजावलं होतं, ऐकलं नाही. रात्री सणकून ताप भरला. औषध घेतलं अन् मेल्यासारखा झोपलो. पहाट झाली ते मले माहीतच नाही.

अन् गल्ली उठलीच नाही! नळ आला अन् निघूनही गेला. मास्तरीणबाईची बस गेली. एकट्या कौशल्येले आता सवयीनं जाग येते. ते काठीचा आवाज ऐकायले बसून राहिली. काठी काही वाजली नाही. मग ते पोरगी तशीच अनवाणी धावत आली, दार ठोठावलं, अन् त्या आवाजानं सारी गल्ली अंगणात गोळा झाली. त्यांच्या मनात काय आलं असेल ते तुले समजतेच. मास्तरीणबाई तर रडून राहिल्या होत्या.

मले झोपेत ऐकू आलं, गार्डसाब, कॉल है! वाटलं, कॉलमन आला, गाडी लागली, आता तुझी आई पांघरूण ओढणार. डोळे उघडले तर कौशल्या वाकून उभी, हाक तिचीच. तिच्यामागं सारी गल्ली, हातात रिकाम्या बादल्या. कोणी पाणी पाणी केलं नाही, बस गेली म्हणून कोणी बोललं नाही. सारे माझ्या डोळे उघडण्याची वाट पाहून राहिले होते. इंदू, ते पाहून माझा जीव असा भरून आला की मी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

तू ये. पण न्यायले नको, माहेरपणाले ये. माहेरी तू नऊपर्यंत लोळते, ते मी विसरलो नाही. तुझ्याही खाटेपाशी काठी वाजेल.

अन् हो, एक सांगायचं राहिलं. कॉल आला की सही करावी लागते. मी पांघरूण बाजूला करून नुसता हात पुढं केला. कौशल्येले काही समजेना, नाडी पाहू लागली. शामला आत गेली, पेन घेऊन आली अन् काही न विचारता माझ्या हातात दिला, जसा तुझी आई देत होती. पेपरच्या कोऱ्या कडेवर मी सही केली. अक्षर वाकडं आलं, पण सही माझीच आहे.

उद्यापासून ड्यूटीवर आहे. काळजी करू नको, वाट मात्र पाहत जा.

तुझा,
बाबा