माझ्या डोक्यातली तार

५ जानेवारी १९७८, दहिवली
उजवा हात आजही हलतोय. सोमाच्या पँटची टीप वाकडी गेली. कापडाचा दोष. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणतात, मेंदूत बारीक तार बसवू, हात थांबेल. पण प्रयोग आहे, विचार करा. विचार कसला? मी प्रोग्रेसिव्ह माणूस. एकवीसला ॲडमिट.

८ जानेवारी
गावभर बोभाटा. सोमा म्हणाला, ते मुंबईत बटण दाबतील आन् तू हितं नाचशील रं! अडाणी लेकाचा. बायको आवडी म्हणाली, नाचू द्या, जाग्यावरून हलतील तरी. आवडीला सायन्स कळत नाही.

१० जानेवारी, दुपार
शेजारच्या ठकूबाई आल्या. त्यांच्या पारूला फेफरं येतं. तिलाही डॉक्टरांनी तारच सांगितलीय. परवा विहिरीच्या काठावर पडली, नशीब म्हणून वाचली. ठकूबाई म्हणाल्या, भाऊ, तुमी आदी जाऊन या, तुमचं बरं झालं की दुसऱ्याच दिवशी पोरीला धाडते. ऊर भरून आला. शब्द दिला.

१९ जानेवारी
निर्धार पक्का. मात्र एकवीसला शनिवार. शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत, डोक्यात कसं घ्यायचं? प्रोग्रेसिव्ह माणसानंही रीत पाळावी. सोमवारी जाईन.

२३ जानेवारी
स्टेशनवर हार घातले. सोमा रडला. मी नाही. डोळ्यात कचरा गेला होता.

२५ जानेवारी, परळ
चकोट हजामत झाली. मग ट्रेमधली ती सुई दिसली. पळालो असं नाही. बाथरूमला म्हणून उठलो आणि चालत चालत जवळच राहणाऱ्या बहिणीकडे, जनाताईकडे पोचलो. टकलाला गार लागतं म्हणून तिनं पट्टी बांधून दिली. आठ दिवस विश्रांती.

२ फेब्रुवारी, घरी
पट्टी बघून लोक पाया पडले. खुलासा करायला कुणी सवडच दिली नाही. हात हलत होता. म्हणालो, तार गरम व्हायला वेळ लागतो, रेडिओसारखं.

६ फेब्रुवारी
दुकानात चिटपाखरू नाही. सोमा माप देईना. म्हणे, तुझ्या डोक्यातून मुंबईला समदं आयकतात, माझ्या कमरेचा घेर त्यांना कशापायी? आवडी दिवसभर पट्टीकडे बघते. बोलत नाही. हे वाईट.

१० फेब्रुवारी
ठकूबाईंनी पारूचं जाणं रद्द केलं. म्हणाल्या, भाऊ, तुमचा हात तर आदीपरीस जास्त हलतोय, माझ्या पोरीच्या डोक्यात नाय घालायची ती तार. जेवण गेलं नाही. उद्या सगळं सांगणार. नक्की.

११ फेब्रुवारी
सर्दी. उद्या.

१२ फेब्रुवारी
रविवार. लोकांना रविवारी तरी त्रास देऊ नये.

१३ फेब्रुवारी, सकाळ
पारू आमच्याच ओट्यावर कोसळली. तोंडाला फेस. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. ठकूबाई धावत आल्या, हंबरडा फोडला. मला राहवेना. पट्टी सोडली आणि म्हणालो, काही बसवलेलं नाही, मी पळून आलो.

ठकूबाईंनी माझ्या टकलावरून हात फिरवून पाहिला. टाका कुठंच नाही. शिव्या घालतील वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, हास्पिटलचा रस्ता तरी खरा सांगता का?

सांगितला. सोबत येतो म्हणालो. नको म्हणाल्या, तुमाला बघून माझी पोरबी पळायची.

दुपारच्या गाडीनं गेल्या. आवडी गेली त्यांच्यासोबत.