वाणातली पुडी

मंगळवार, वाडीवरून

तीर्थरूप काशीदादास,

धाकट्या गीताचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, म्हणून कागदावरच मानून घे). तुझी साखर कशी आहे? वहिनीचा खांदा? तिला सांग, नुसतं तेल चोळून काही होत नाही, भांडी कमी घास. इकडे आम्ही बरे आहोत. लेकाची, मुरारीची, रिक्षा वीर स्टेशनवर चालते, म्हणजे बहुतेक वेळ उभीच असते. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. तुला फोनवर ऐकू येत नाही. तुला ऐकू जाईल इतक्या जोरात बोलले तर दोन्ही वाड्यांना ऐकू जातं, आणि भानगड त्या दोन वाड्यांचीच आहे. चौथीपर्यंतच्या शिक्षणात जमेल तसं लिहिते. चुका काढत बसू नको. शेवटपर्यंत वाच आणि मी काय करू ते कळव.

दिवाळीपासून मी कामाला लागले ते तुला ठाऊक आहे. मुंबईची एक संस्था आहे, ती बायकांच्या रक्ताचा अभ्यास करते. समीक्षा म्हणून पुण्याची शिकलेली पोरगी आहे, ती लिहिते आणि मी टोचते. बोटाला टोचायचं, थेंब यंत्रात घालायचा, आकडा येतो. बारा आला तर चांगलं, सात आला तर वाईट, इतकं मला कळतं. वरच्या वाडीला, म्हणजे माझ्या माहेराला, रक्त वाढवायची पुडी. रोज एक, आपापल्या ताटातल्या भातावर शिंपडायची. खालच्या वाडीला पुडी नाही, नुसतं टोचणं. मी पहिल्याच दिवशी मोठ्या साहेबांना विचारलं, की खालच्यांनी काय घोडं मारलंय? साहेब माणूस चांगला, चिडला नाही. म्हणाला, बाई, भाताच्या एका वाफ्याला खत घातलं आणि एकाला नाही घातलं तरच कळतं ना, पीक खतानं आलं की पावसानं? सहा महिन्यांनी पुडी गुणाची निघाली तर खालच्यांनाही देऊ. हे पटण्यासारखं होतं. फक्त भाताचे वाफे एकमेकांना मुली देत नाहीत, हे साहेबाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं. पण मला पिशवी धरायला ठेवलेलं, अक्कल सांगायला नाही.

खालच्या वाडीत निम्म्या सुना आपल्या वाडीच्या. त्यातलीच एक आपल्या चुलतभावाची, भरतची, लेक श्रुतिका. (तिच्या लग्नात तुला जिलबी मिळाली नव्हती आणि तू ते आठ दिवस सांगत होतास.) आता ती पोटुशी आहे. पहिल्यांदा टोचलं तेव्हा आकडा आला सात. नियम असा, की आठच्या खाली आला तर गुलाबी चिठ्ठी द्यायची, सरकारी दवाखान्यात जावे म्हणून. दिली. पुढच्या महिन्यात पुन्हा सात, पुन्हा चिठ्ठी. तिचा नवरा महाडला एमआयडीसीत पाळीला, सासरा गुरांमागे, सासू म्हणते रक्त काय आमच्यात तरी कुठं होतं. सरकारी गोळ्या मिळतात, त्या घेतल्या की पोरगी ओकते. चिठ्ठ्या तिनं कालनिर्णयाच्या मागे खोचून ठेवल्यात. मी समीक्षाला म्हटलं, हिला मी धरून पोलादपूरला नेते, एसटीनं जाऊन दुपारी परत. ती म्हणाली, मावशी, आपण चिठ्ठी द्यायची, माणूस ओढून न्यायचं नाही, त्याला हस्तक्षेप म्हणतात. आणि फोनमध्ये लिहिलं, 'सहभागीने चिठ्ठी स्वीकारली'. लिहिलं आणि आंब्याखाली डबा उघडून रडत बसली. शिकलेली माणसं नियम पण पाळतात आणि रडतात पण. माझ्याच्यानं दोन्ही होत नाही.

आता मुख्य गोष्ट. संक्रांतीला वरच्या वाडीत हळदीकुंकू होतं. खालच्या सगळ्या माहेरवाशिणी आलेल्या. मी पण गेले, मी काय परकी? दरवर्षी वाणाला प्लास्टिकचा डबा नाहीतर चहाची गाळणी. यंदा तुळसानं (भरतच्या बायकोनं, श्रुतिकाच्या आईनं) ताटावरचा रुमाल काढला तर खाली माझ्याच पुड्या! सोमवारी मी घरोघरी मोजून दिलेल्या. प्रत्येकीला सात-सात, दोऱ्यानं बांधून, वर कुंकवाचं बोट. पुडीवर छापलेलं आहे, 'अभ्यासासाठी, विक्रीसाठी नाही'. विकत कुठे होत्या, ओटीत घालत होत्या. मी तिला बाजूला घेतली, काय गो तुळसा, ह्ये काय चाललंय? तर म्हणते, "वन्स, माझी पोर खाली पिवळी पडली आणि मी वर बसून ताकदीची पुडी खाव? घास उतरंल काय माझ्या?" आणि माझ्याही ओटीत सात पुड्या घातल्या. वाण परत करता येत नाही, ते तुला बायकोला विचारून कळेल. मी गप घेतलं. तिथेच चुकले.

मग ती पद्धतच पडली. माहेरच्या बायका आपापल्यातल्या वाचवून लेकीला पुड्या पाठवत, लेक रिकाम्या पुड्या घडी घालून वर पाठवी, कारण सोमवारी मी रिकाम्या मोजून घेते. हिशेब एकदाही चुकला नाही. साहेबांनी आपल्या वाडीला शाबासकी दिली, इतकी शिस्तीची वाडी तालुक्यात नाही म्हणाले. मी मान हलवली.

आणि एवढं करून श्रुतिकाचा आकडा सातच! मागच्या महिन्यात बाकी माहेरवाशिणी साडेदहा-अकरावर गेल्या, ही जागची हलली नाही. मी सरळ तिच्या चुलीपाशी जाऊन बसले. तेव्हा कळलं, की एकटीनं पुडी खाणं बरं दिसत नाही म्हणून सासू ती अख्ख्या भाताच्या टोपात ढवळते. घरात खाणारी नऊ माणसं, आणि सून जेवते सगळ्यात शेवटी, टोपाच्या तळाची खरवड उरली तर. सासरा मात्र लाल झालाय. साठीच्या माणसाच्या गालावर असला रंग मी पाहिला नव्हता.

काल साहेब आले. कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, दोन्ही वाड्यांचं रक्त वाढलंय. वरच्यांचं वाढलं, न देता खालच्यांचंही वाढलं, म्हणजे पुडीत दम नाही. शुक्रवारी सगळ्यांना बसवून तसं लिहायचं आणि बंद करायचं. दादा, मी बोलले तर आपल्या वाडीची चोरी उघडी, तुळसाची मान खाली, माझं काम गेलं. नाही बोलले तर कागदावर कायमचं लिहून राहणार, की पुडीचा उपयोग नाही. मग वरच्यांना नाही, खालच्यांना नाही, पुढच्या डोंगरावरच्यांनाही नाही. तू आमच्यात शिकलेला, काय करू ते लगेच कळव. शुक्रवारच्या आत. वहिनीस नमस्कार, नातवंडांस मुके.

तुझी
गीता

ता. क. आज रविवार. पत्र पिशवीतच राहिलं, त्यामुळे तुझा सल्ला वेळेत आला नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. शुक्रवारी मीच उठले आणि सगळं सांगितलं. माझ्या ओटीतल्या सात पुड्यांपासून सुरुवात केली, म्हणजे कोणाला तोंड वर करून बोलायला नको. साहेबांनी वही पुढे ओढली. मग विचारलं, खालच्या वाडीत वरच्या मुली कोणकोण? मला काय, घराघराचं माहेर पाठ. मी सांगत गेले, समीक्षा खुणा करत गेली. ज्यांचं माहेर वर, त्यांचं रक्त वाढलेलं. ज्यांचं दुसरीकडे, त्यांचे आकडे दिवाळीत होते तिथेच. साहेब म्हणाले, हे असं मोजलेलं धरता येत नाही. पण वहीत उतरवून घेतलं, दोनदा. आता त्यांची समिती बसेपर्यंत दोन्हीकडे पुडी बंद. तुळसा माझ्याशी बोलत नव्हती, काल बोलली. मला साहेबांनी हात जोडून कामावरून मोकळी केली.

ता. क. २. मोकळी झाले ते एका अर्थी बरंच. आता मी अभ्यासाची कोणी नाही, त्यामुळे कुणालाही कुठंही ओढून नेऊ शकते. शनिवारीच श्रुतिकाला घेऊन पोलादपूरला गेले. डॉक्टरीण आधी मला ओरडली, मग चिठ्ठ्या पाहून आणखी ओरडली. म्हणाली, गोळ्यांनी भागायचं नाही, शिरेतून औषध द्यावं लागेल, आणि बाळंतपण मोठ्या इस्पितळात करा. सासूला मी एवढंच सांगितलं, की सातवा लागला, पहिलं बाळंतपण माहेरचं, न्यायला आले. आता माहेर म्हणजे भरतचं घर, आणि तिथून इस्पितळ कुठे? मुंबईत, तुझ्या चाळीपासून चालत दहा मिनिटं. तू सख्खा काका नसलास तरी काकाच आहेस. तिला सगळ्यांच्या आधी वाढायचं, हे वहिनीला बजाव.

ता. क. ३. पोस्टावर माझा विश्वास नाही, म्हणून पत्र श्रुतिकाच्याच हाती देते आहे. सोबत तुळसा आहे. ती दोन दिवसांत परत येईन म्हणते, बाळ झाल्याशिवाय हलायची नाही. मुरारी दोघींना गाडीत बसवून देईल. तू पत्र हातात पडलं की उभ्यानं वाचत सुटतोस, मला माहीत आहे. तेव्हा दादा, वाचणं पुरे कर आणि आधी त्या पोरीला दारातून आत घे.