टोव्हचा कोट हिरवाच आहे

७ जानेवारी, रविवार
टोव्ह आज ऑरहूसला बहिणीकडे गेली. केटीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. फार तर दोन आठवड्यांचा प्रश्न. सोबत दोन मोठ्या सूटकेस, तिची उशी आणि स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ नेलं. जास्तीचं सामान न्यायची तिची सवय जुनीच आहे.

दारात उभी राहून म्हणाली की होल्गर, छत्तीस वर्षांत तू मला हात लावला नसशील इतक्या वेळा त्या खेळण्यातल्या विटांना लावतोस. खरं आहे. रोज चार तास, एकही खाडा नाही. कुणीतरी दखल घेतली, बरं वाटलं.

संकल्प: मार्चमध्ये आमच्या विटांच्या क्लबचं प्रदर्शन आहे. त्यात आमचं घर मांडायचं. छोट्यात छोटं. खेळण्यातल्या विटेच्या पाठीवर गुंड्या असतात, त्यातली एक गुंडी म्हणजे अर्धा मीटर. घर, बाग, कुंपण, झेंड्याचा खांब, सगळं चहाच्या ट्रेवर मावेल. टोव्ह येईल, बघेल, सगळं विसरेल आणि माझ्याबरोबर घरी येईल. नेमकं काय विसरायचंय ते मला माहीत नाही, पण काहीतरी असणार.

नियम एकच. जे आहे तेच दाखवायचं, जे नाही ते नाही. नगरपालिकेत एकतीस वर्षं गटारं आणि पन्हाळी तपासली. मनातलं काही नकाशात घातलं नाही, आता काय घालणार.

९ जानेवारी, मंगळवार
आधी विटा निवडायच्या. सुमारे चाळीस हजार तुकडे. ते ठेवलेत टोव्हच्या शिवणाच्या खोलीत. म्हणजे तीन वर्षांपूर्वी ती शिवणाची होती. तिचं मशीन आता धुण्याच्या खोलीत बॉयलरशेजारी असतं. तिथं ऊब असते, तिचीच सोय झाली.

क्लबचा अध्यक्ष फ्लेमिंग फोनवर म्हणाला की बाबा रे, काही कर पण रंगावरून निवडू नकोस, आकारावरून निवड, नाहीतर रडशील. फ्लेमिंगला सगळ्यांना शिकवायची खोड आहे. मी रंगावरूनच निवडणार. दिसायलाही छान दिसतं.

बरण्या हव्यात. तळघरात टोव्हच्या जॅमच्या शेहेचाळीस बरण्या सापडल्या. दुर्दैवाने भरलेल्या.

२१ जानेवारी, रविवार
दोन आठवडे झाले. टोव्ह नाही. गुडघा म्हटल्यावर वेळ लागतोच.

जॅम संपवतोय. सकाळी काळ्या पावावर, दुपारी बटाट्यावर, संध्याकाळी नुसताच. टोव्हला वाया घालवलेलं चालत नाही. उरलेल्या बरण्या: एकोणीस.

२८ जानेवारी, रविवार
निवडणं पूर्ण! सगळे तुकडे रंगाप्रमाणे लागले. फडताळ पाहून ऊर भरून आला. दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून शेजारच्या आक्सेलला बोलावलं. तो म्हणाला, अरे वा, माझ्या बायकोचं, रिग्मोरचं, दोऱ्यांचं दुकान असतं तर असंच दिसलं असतं. मग म्हणाला की टोव्हचा जॅम कुठं गेला रे सगळा?

दुपारी पन्हाळीला एक काळा तुकडा हवा होता, एका गुंडीचा, टोकाला भोक असलेला. काळ्या बरणीत सगळंच काळं. तीन तास शोधला. मिळाला तेव्हा तो कशाला हवा होता ते विसरलो.

२९ जानेवारी, सोमवार
सगळं ओतून आकाराप्रमाणे पुन्हा निवडायला घेतलं. हा मुळात माझाच विचार होता. फ्लेमिंगला कळवायची गरज नाही.

३ फेब्रुवारी, शनिवार
टोव्हला फोन केला. केटीने उचलला. धापा टाकत होती. म्हणाली आत्ताच बॅडमिंटन खेळून जिने चढून आले. टोव्ह? ती गाण्याच्या क्लासला गेलीय. निरोप ठेवू का?

हल्ली ऑपरेशनं किती पुढं गेलीत! टोव्हला गाता येत नाही, हे मात्र मला नक्की माहीत आहे.

निरोप ठेवला: पन्हाळ झाली म्हणून सांग.

१५ फेब्रुवारी, गुरुवार
पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटून बसल्या. अशा पट्ट्या दातांनी सोडवू नयेत, हे क्लबमध्ये पहिल्याच दिवशी सांगतात. वेगळं करायचं हत्यार असतं. ते आकाराप्रमाणे लावल्यामुळे कुठल्या बरणीत गेलं कळेना. दात जवळ होते.

समोरच्या दाताचा कोपरा गेला. डेंटिस्टला सांगितलं की पाव कडक होता. ती म्हणाली, या वर्षी गावातले तुम्ही तिसरे, तिघंही त्याच क्लबचे, कुठल्या बेकरीतून आणता हो हा पाव? पुढची तारीख लिहून घ्यायला टोव्हला फोन करू ना नेहमीसारखा, असंही तिने विचारलं. मी म्हणालो, मीच लिहून घेतो. पेन नव्हतं.

१८ फेब्रुवारी, रविवार
घर पूर्ण. पंधरा खिडक्या, दोन पन्हाळी, एक खांब. धुण्याच्या खोलीचं छत उचललं की आत बॉयलर आणि शेजारी एका गुंडीचं करडं शिवणाचं मशीन. हुबेहूब. प्रदर्शनात छत काढूनच ठेवणार.

आता टोव्ह. इतक्या छोट्या मापात माणूस म्हणजे दोन तुकडे. एक गोल तुकडा कोटाचा, त्यावर एक डोक्याचा. कुंपणाशी उभी केली. कोट हिरवा.

आक्सेल कुंपणावरून वाकून बघत होता. म्हणाला टोव्हचा कोट निळा आहे की रे. मी म्हणालो, छत्तीस वर्षं मी राहतोय तिच्याबरोबर, तू नाहीस. तो म्हणाला, हो, पण रोज सकाळी हात मी करायचो तिला. आक्सेलला रंग नीट दिसत नसावेत. वय झालं.

फोन करून विचारता आलं असतं. पण मग गंमत गेली. शिवाय कोट हिरवाच आहे.

२४ फेब्रुवारी, शनिवार
टोव्हचा वाढदिवस. सकाळी आठला अंगणात झेंडा चढवला. घरात वाढदिवस असला की दर वर्षी चढतो. नसता चढवला तर गल्लीत लोक काय म्हणाले असते? तेवढ्यात ती आलीच, तर झेंडा दिसायला हवा.

झेंडा दिसला की शेजारी कॉफीला येतात, एवढं मात्र डोक्यात आलं नाही.

दहा चाळीसला आक्सेल आणि रिग्मोर दारात. ट्युलिप घेऊन. बूट काढून थेट आत. उत्सवमूर्ती कुठाय, म्हणून रिग्मोरने विचारलं. मी म्हणालो, आंघोळ करतेय. मग नुसतं म्हणून कसं चालेल? जाऊन शॉवर सोडून आलो.

केक नव्हता. काळा पाव आणि लिव्हरची पेस्ट ठेवली. आक्सेलने हवापाण्याच्या गप्पा काढल्या. त्या दहा मिनिटांत संपल्या. मग आम्ही तिघं शॉवर ऐकत बसलो. मिनिटाला साधारण नऊ लिटर. पस्तीस मिनिटं. मी पाणीखात्याचा माणूस, जिवाची नुसती तगमग झाली.

शेवटी रिग्मोर म्हणाली, होल्गर, जा, ते पाणी बंद कर. सकाळीच आम्ही ऑरहूसला फोन करून टोव्हला शुभेच्छा दिल्या. मी विचारलं, मग आलात कशाला? ती म्हणाली, अरे, झेंडा तू चढवलास ना. एकटाच बसला असशील, असं वाटलं.

आक्सेलने लिव्हरच्या पेस्टचे चार पाव खाल्ले. त्याला ती आवडत नाही.

ट्युलिपसाठी बरणी हवी म्हणून चौकोनी तुकड्यांची एक बरणी ओतावी लागली. सूर्यास्ताआधी झेंडा उतरवला. घडी घालायला दोघं लागतात. गुंडाळून ठेवला.

२ मार्च, शनिवार
टोव्हला पत्र लिहिलं. फोनवर केटी भेटते. पत्रात: प्रदर्शन २३ आणि २४ मार्चला, क्रीडागृहात, दहा ते चार. माझं टेबल चौदा नंबरचं. दोन्ही दिवस मी एक मिनिटही टेबल सोडणार नाही, डबाही तिथंच खाणार. कधीही ये, मी तिथंच असेन. खाली लिहिलं की घर फार शांत आहे. ते खोडलं. मग पुन्हा लिहिलं, पण बारीक अक्षरात.

११ मार्च, सोमवार
उत्तर आलं! पोस्टकार्ड. “पत्राबद्दल आभार, होल्गर. दोन्ही दिवस दहा ते चार तू नक्की तिथं असशील हे कळलं, बरं झालं. टोव्ह.” ‘नक्की’खाली रेघ मारलीय!

पाच वेळा वाचलं. येणार म्हणजे येणारच. नाहीतर वेळ कशाला पक्की करून घेतली असती?

तिच्यासाठी संकल्प: शिवणाची खोली परत द्यायची. सगळी नाही, खिडकीकडचा भाग.

२२ मार्च, शुक्रवार
घर गाडीतून नेताना चौकात ब्रेक दाबावा लागला. अर्धं छप्पर पायाशी, एक पन्हाळ गिअरखाली. टोव्ह सापडेना. फ्लेमिंग म्हणाला थोडा गोंद लावला असतास तर. त्याने हे जरा हळू आवाजात म्हटलं, कारण गोंद लावणाऱ्याला आमच्या क्लबमध्ये कुणी कॉफीही विचारत नाही. मी म्हणालो, माझं घर गोंदाशिवाय उभं राहतं.

दोन तासांत पुन्हा उभं केलं. टोव्ह माझ्या पँटच्या घडीत निघाली. कुंपणाशी परत लावली.

२३ मार्च, शनिवार, संध्याकाळ
तुफान गर्दी. दिवसभर बोलून घसा बसला. पन्हाळीचा उतार कसा काढला हे किमान चाळीस जणांना सांगितलं. एक गृहस्थ तर शेवटपर्यंत ऐकत उभे होते. नंतर कळलं, त्यांना बाहेर जायचं दार विचारायचं होतं.

टोव्ह आली नाही. सतत दारावर लक्ष होतं. हिरवा कोट एकही नाही. दुपारी निळ्या कोटातली एक बाई कॉफीच्या टेबलापाशी माझ्याकडे पाठ करून बराच वेळ उभी होती. आधी ती आमच्या टेबलाजवळून गेली असावी, कारण फ्लेमिंग मला कोपराने ढोसत होता. पण मी पन्हाळीच्या ऐन मुद्द्यावर होतो. मान वर करेपर्यंत ती गेली.

उद्या नक्की. शनिवारी गाड्यांना गर्दी असते.

२४ मार्च, रविवार
छोट्या मापाच्या गटात तिसरा आलो. गटात तिघं होतो.

चारपर्यंत थांबलो. मग साडेचार. खुर्च्या उचलल्या तरी थांबलो. फ्लेमिंग म्हणाला, होल्गर, चल, ट्रे मी धरतो, दार तू उघड. तो काल का ढोसत होता, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

घरी आलो. धुण्याच्या खोलीचं दार उघडं. बॉयलरशेजारी मशीन नाही. फरशीवर तेवढाच चौकोन स्वच्छ होता. कपाटातली तिची बाजू रिकामी. गेले दोन दिवस मी दहा ते चार कुठं असणार, हे तिला नक्की माहीत होतं. मीच कळवलं होतं.

स्वयंपाकघराच्या टेबलावर चिठ्ठी. उतरवून घेतो:

“होल्गर, काल प्रदर्शनात येऊन गेले. तुझ्याशी बोलायचं ठरवूनच आले होते. तू पन्हाळीबद्दल सांगत होतास. वीस मिनिटं थांबले. घर अगदी आहे तसं केलंयस. मशीनसुद्धा बॉयलरशेजारी. ते पाहिलं आणि आज घेऊन जायचं नक्की केलं. आक्सेलने गाडीत ठेवायला मदत केली, त्याच्यावर चिडू नकोस. कोट निळा आहे. हिरवा अकरा वर्षांपूर्वी जुन्या कपड्यांच्या दुकानात दिला, तूच नेऊन दिलास. किल्ली कुंडीखाली आहे. दात नीट करून घे. आणि जॅमवर राहू नकोस. टोव्ह.”

केटीच्या गुडघ्याचा कुठं उल्लेख नाही.

२५ मार्च, सोमवार
नियम म्हणजे नियम. मॉडेलमधून शिवणाचं मशीन काढलं. एका गुंडीचं होतं, नखाने निघालं.

मग हिरवा तुकडा काढून निळा शोधायला बसलो. गोल तुकड्यांच्या बरणीत लगेच मिळाला. फ्लेमिंगचं बरोबर होतं. त्याला तसं फोन करून सांगितलं. तो म्हणाला, एवढ्यासाठी फोन केलास? मी म्हणालो हो. मग त्याने विचारलं, येऊ का? मी म्हणालो, आज नको.

निळी टोव्ह कुंपणाशी लावली. छान दिसली. पण जे नाही ते नाही, हा नियम मीच केला होता. पुन्हा काढली. बरणीत टाकवेना.

जेवताना टेबलावर पलीकडच्या बाजूला उभी केली, ती बसायची तिथं. मी रोज घड्याळाकडे तोंड करून बसायचो, ती माझ्यासमोर. भिंतीवर आता घड्याळाचा नुसता गोल डाग आहे, त्यामुळे बघायला दुसरं काही नव्हतं. उजेड चांगला होता. नीट पाहिलं.

निळाच आहे.