बाजूनं कोण बघतं

१६ नोव्हेंबर, रविवार

"बेटा, तू दारमाईन देख, मन्हा समोर नको."

लग्नाला आठ दिवस झाले होते तेव्हा आबा, म्हणजे माझे सासरे, हे म्हणाले होते. आवाजात राग नव्हता. मायाच होती – म्हणून तर तोंडातून 'का' निघालं नाही. त्या दिवसापासून मी टीव्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बघते. तेवीस वर्षं! शाळेत पोरांना ताठ बसा, समोर बघा म्हणून शिकवते. घरी आले की उंबरा, आणि मान डावीकडे वळवलेली. माझ्यामागे आत, गॅसपाशी, पाटावर जिजी. माझ्या सासूबाई.

आज हे आठवलं कारण टीव्ही गेला. बातम्या चालू असताना पडदा काळा झाला, नुसता आवाज राहिला. हेमकांतने त्याच्या पाठीत दोन थापट्या मारल्या. भिंतीवरच्या पातळ टीव्हीला थापट्या! तोंडावर मी नवऱ्याला 'अहो' म्हणते. वहीत हेमकांतच.

१८ नोव्हेंबर

नवा घ्यायचं ठरलं. ठरवलं हेमकांतने.

ऊस गाळपाचे दिवस आहेत, कारखान्याच्या ऑफिसात मान वर करायला फुरसत नाही असं रोज सांगतो. तरी कालपासून मोबाइलवर एक लाल टी-शर्टवाला ओरडतोय आणि हा ऐकतोय. जेवताना सगळ्यांना ज्ञान वाटून झालं – अमुक के, तमुक हर्ट्झ, काळा रंग किती काळा. आबा गंभीरपणे मान हलवत होते. आबांना हर्ट्झ कळलं म्हणजे माझीच शिकवणी कमी पडली म्हणायची.

मी विचारलं, पंचावन्न इंच लावणार कुठे? दोन खिडक्यांच्या मधली भिंत आहे केवढी?

म्हणे, एक खिडकी बंद करू.

२० नोव्हेंबर

खिडकी मोजली. हेमकांतने नव्हे. मी.

२१ नोव्हेंबर

चेतनाचा नाशिकहून फोन. ही माझी लेक, तिला यातलं कळतं. म्हणाली, मम्मी, इंचांवर जाऊ नका. स्वस्तात मोठा मिळतो तेव्हा पॅनेल हलकं असतं. समोरून झकास, बाजूनं फिका. दुकानात बाजूला जाऊन उभी राहा, मग कळेल.

बाजूनं कसं दिसतं हे मला शिकवायला निघाली! त्या विषयात मी पीएच.डी. आहे. जुन्या टीव्हीत उंबऱ्यावरून सगळ्या बायका पीठ चोपडल्यासारख्या दिसायच्या. लाल शालू गुलाबी, हिरवा शालू राखाडी. एका मालिकेतला नवरदेव मला वर्षभर आजारी वाटत होता.

हेमकांतला चेतनाचं सांगितलं. "पोरीसले काय समजस!" लाल टी-शर्टवाल्याला मात्र सगळं समजतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

शहाद्याला गेलो. हेमकांत, मी आणि आबा. आबांना न्यायचं नव्हतं, पण ते आधीच टोपी घालून ओट्यावर बसले होते. जिजीला विचारलं, येता का? तिला कोणी विचारत नाही म्हणून विचारलं. नाही म्हणाली.

प्रेमचंदशेठचं दुकान. शेठ म्हणजे तिशीतलं पोरगं, केसांना जेल. पंचावन्न इंचीसमोर एक सोफा मांडलेला, हेमकांतला त्याच्यावर नेऊन बसवलं. पडद्यावर पोपट, संत्री, समुद्र. आमच्या सारंगखेड्यात कोण बघणार आहे पोपट? आपण बघणार बातम्या आणि मालिका. पण हेमकांतचे डोळे असे, जणू तापीला पहिल्यांदा पाणी आलं.

मी डावीकडे गेले. सहा पावलं. मग वाटलं, उभं राहून काय उपयोग, माझी नजर तेवढ्या उंचीवर नसतेच. एका फ्रीजच्या खोक्यावर बसले. तिथून पोपट धुऊन धुऊन विटलेला. शेजारचा त्रेचाळीस इंची मात्र तस्साच हिरवा!

शेठ म्हणाला, मॅडम, तिकडून नाही, इकडून बघा.

तेवढ्यात आबा माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. आयुष्यभर यात्रेत घोड्यांची दलाली केलेला माणूस. घोडा आधी कडेनं बघायचा, मग मागून, तोंडाकडे सगळ्यात शेवटी – असं ते नेहमी सांगतात. दोन्ही टीव्ही त्यांनी तसेच बघितले. मागे जाऊन वायरीसुद्धा. मग त्रेचाळीसकडे बोट केलं.

"हाऊ धड शे. तो नुसता सजाडेल शे."

पुढचं लिहिताना अजून हसू येतंय. आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, शेठच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं धरली. घोड्याचा भाव असाच करतात, तोंडानं नाही, कापडाखाली बोटांनी. शेठला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली. पोऱ्याला म्हणाला, पाणी आण रे! आबा बोटं दाबतायत, शेठ त्यांना सोफ्यावर बसवतोय. शेवटी भाव मी तोंडानं केला. भिंतीवर बसवून देणं आणि तीन वर्षांची वॉरंटी त्यातच. आबांना वाटतंय सौदा त्यांच्या बोटांनी झाला. वाटू दे.

 गाडी शहाद्याबाहेर आल्यावर हेमकांत म्हणाला, "एवढा मोठा सोडून दिला. बाजूनं कोण बघतं?"

बाजूनं कोण बघतं!

मी खिडकीतून केळी बघत बसले.

२४ नोव्हेंबर

शाळेत दिवसभर ते वाक्य. त्याला टोमणा मारायचा नव्हता, हे जास्त वाईट. त्याला खरंच माहीत नाही. सोफ्यावर बसणाऱ्याला उंबरा दिसत नाही, कारण तो त्याच्या पाठीमागे असतो.

पण थुंकायचंच तर स्वतःवरही थुंकावं. मी भांडले कशासाठी? उंबऱ्यावरून रंग नीट दिसावेत म्हणून! खुर्ची मागायची मला सुचलीच नाही. पगार माझा आहे, अक्कल माझी आहे, आणि माझी झेप किती, तर चांगला उंबरा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

टीव्ही बसवला. खिडकी वाचली.

आबांनी रिमोटमध्ये बोलून बघितलं. "भजन लाव." त्याने पंजाबी लग्नाचा नाच लावला. हेमकांत म्हणाला, आबा, शुद्ध बोला. आबांनी रिमोट सोफ्यावर टाकला.

मग उंबऱ्याकडे बघून मला म्हणाले, "तठे काय बसनी? समोर ये ना."

मी म्हटलं, आबा, तुम्हीच सांगितलं होतं. दारातून बघ म्हणून.

"मी? कव्हय?"

लग्नानंतर आठ दिवसांनी, म्हटलं.

त्यांनी खूप आठवून बघितलं. खोटं नव्हते बोलत. "तव्हय व्याही येल व्हतात ना. त्या रातपुरतं सांगं व्हई."

त्या रातीपुरतं.

मी उठून आत गेले आणि धुतलेली भांडी परत धुतली. आनंद वगैरे काही नाही. जणू कुणीतरी मला तेवीस वर्षं कडी न लावलेल्या दाराआड बसवलं आणि आता म्हणतंय, ढकलून तरी बघायचं!

२९ नोव्हेंबर

खुर्चीवर बसले. आबांच्या शेजारी, एक हात सोडून. हेमकांतने एकदा बघितलं, परत टीव्हीकडे बघितलं. संपलं. आभाळ कोसळलं नाही.

चित्र छान आहे. समोरून मान दुखत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं.

३० नोव्हेंबर, रविवार

जिजीला टीव्ही बघताना एक खोड आहे. सारखी विचारते, "कोन उनं? कोन रडी ऱ्हायनं?" तेवीस वर्षं मी मागे न वळता, कपाळाला आठी घालून सांगत आले – सासू आली, धाकटी रडतेय. मनात म्हणायचे, डोळे आहेत ना म्हातारीला!

आज तासभर मी खुर्चीवर होते. तिने एकदाही विचारलं नाही. वळून बघितलं तर उंबऱ्यामागे जिजी, हात गुडघ्यावर, तोंड उघडं, पडद्याचा उजेड चेहऱ्यावर.

ती झोपल्यावर मी तिच्या पाटावर जाऊन बसले. तिथून टीव्ही दिसतो. मध्ये उंबऱ्यावर कोणी बसलेलं नसेल तर.

उद्या तिच्यासाठी आणखी एक खुर्ची मांडणार आहे, माझ्या आणि आबांच्या मध्ये. मग आत जाऊन म्हणणार, जिजी, चला, तिथे बसा. ती पाटावरून न उठता, माझ्याकडे न बघता म्हणेल, "मी आठेच बरी शे."